गायक बदलले तरी आयर्न मेडन टिकला कसा?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका महाविद्यालयीन बँडमधला गायक सोडून गेला आहे आणि बँड चालू ठेवावा की नाही यावर उरलेल्या मुलांमध्ये वाद चालू आहे. वादात आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचे उदाहरण दोन्ही बाजूंनी दिले जाते. एक बाजू म्हणते की या बँडने गायक अनेकदा बदलले आणि तरीही पन्नास वर्षे पूर्ण केली. दुसरी बाजू म्हणते की 1993 मध्ये गायक ब्रूस डिकिन्सन बँड सोडून गेल्यावर त्यांची जी घसरण झाली, तीच गायकाशिवाय बँड नसतो याचा पुरावा आहे. यातले खरे काय, आणि या बँडच्या वाटचालीकडे वादकाने कसे पाहावे, असे विचारले आहे.

मी बास गिटार वाजवतो आणि शिकवतो, त्यामुळे या बँडकडे पाहताना माझी नजर आधी खालच्या चार तारांकडे जाते, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. माझे मत असे आहे की आयर्न मेडनची ओळख त्यांच्या गाण्यांच्या बांधणीत आहे, आणि ती बांधणी पहिल्या दिवसापासून बासवादक स्टीव्ह हॅरिस यांच्या हातात राहिली. गायक बदलूनही बँड ओळखू येतो तो यामुळे. मात्र याच बांधणीने गायकावर अशी एक अट घातली की ती पुरी करणारा गळा सहजासहजी मिळत नाही. वादातल्या दोन्ही बाजूंच्या हाती अर्धे अर्धे सत्य आहे ते असे.

हॅरिस पूर्व लंडनचे. त्यांनी 1975 च्या नाताळात बँड स्थापन केला तेव्हा ते जेमतेम एकोणीस वर्षांचे होते, आणि त्यांनी वास्तुविशारदाच्या कचेरीत आरेखकाचे काम शिकले होते. सुरुवातीचे कार्यक्रम स्ट्रॅटफर्डमधील ‘कार्ट अँड हॉर्सेस’, ईस्ट हॅममधील ‘रस्किन आर्म्स’ अशा पबमध्ये झाले. पहिले गायक पॉल डे, त्यानंतर डेनिस विलकॉक. गिटारवादक आणि ड्रमवादक तर इतक्या वेगाने आले आणि गेले की त्यांची यादी देण्यात अर्थ नाही. 1977 च्या सुमारास लंडनमध्ये पंक संगीताची लाट आली. रेकॉर्ड कंपन्यांना आखूड केसांची, तीन मिनिटांत गाणे संपवणारी मुले हवी होती, आणि हॅरिस लांब केस, वेगवान दुहेरी गिटार आणि मध्येच लय बदलणारी लांब गाणी सोडायला तयार नव्हते. हा हट्ट त्या वेळी तोट्याचा होता. पण कंपनीला आवडेल असे काही करून पाहण्याची सवय या बँडला कधी लागली नाही, त्याचे मूळ मला या दिवसांत दिसते.

पॉल डिॲनो 1978 मध्ये गायक म्हणून आले आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दोन दिवसांत, 30 आणि 31 डिसेंबरला, केंब्रिजजवळच्या स्पेसवर्ड स्टुडिओत बँडने आपली गाणी मुद्रित केली. ती टेप उत्तर-पश्चिम लंडनमधील किंग्जबरी येथे ‘साउंडहाउस’ नावाची मेटलची संध्याकाळ चालवणाऱ्या नील के यांच्या हाती पडली. के तिथे आलेल्या लोकांकडून आवडत्या गाण्यांची मागणी घेत आणि त्यावरून तक्ते तयार करत, आणि ते तक्ते ‘साउंड्स’ या संगीत साप्ताहिकात छापले जात. कुठल्याही कंपनीशी करार नसलेल्या बँडचे गाणे त्या तक्त्यात वर चढले. पुढे नोव्हेंबर 1979 मध्ये त्यातली तीन गाणी ‘द साउंडहाउस टेप्स’ या नावाने 5,000 प्रतींच्या छोट्या तबकडीवर निघाली, ती टपालाने विकली गेली आणि संपली. त्याच डिसेंबरात ईएमआय कंपनीशी करार झाला. ज्यांच्यासाठी वाजवायचे त्यांच्यापर्यंत थेट पोचायचे आणि मग कंपनीशी बोलायला बसायचे, हा क्रम व्यवस्थापक रॉड स्मॉलवूड यांनी पुढेही मोडला नाही. स्मॉलवूड 1979 पासून आजतागायत बँडसोबत आहेत. संगीतातला शब्द हॅरिस यांचा आणि व्यवहारातला शब्द स्मॉलवूड यांचा, ही वाटणी सुरुवातीलाच झाली. माझ्या पाहण्यातले कितीतरी चांगले बँड गाण्यावरून फुटले नाहीत, पैशाचा हिशेब कोणी ठेवायचा यावरून फुटले. तेव्हा ही वाटणी किरकोळ समजू नये.

आता बांधणीकडे वळतो, कारण मूळ प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे.

हॅरिस पिक, म्हणजे तार छेडायची चकती, वापरत नाहीत. उजव्या हाताची तर्जनी आणि मध्यमा, एवढ्या दोनच बोटांनी ते वाजवतात. त्यांची ओळख झालेली घोडदौडीची लय अशी असते: एका मात्रेचे चार समान भाग केले, तर पहिला आघात दोन भाग खातो आणि उरलेले दोन आघात एकेका भागात बसतात. मिनिटाला 160 मात्रांची गती धरली, तर दर सेकंदाला आठ आघात होतात, आणि ते गाण्याचे गाणे चालू राहतात. दोन बोटे काटेकोरपणे आलटून पालटून वापरली, तर एका मात्रेची सुरुवात तर्जनीने होते आणि पुढच्या मात्रेची मध्यमेने, कारण गटात आघात तीन आणि बोटे दोन. माझ्याकडे येणारे विद्यार्थी इथेच अडखळतात. त्यांची मध्यमा तर्जनीइतक्या जोराने पडत नाही, त्यामुळे एक मात्रा ठसठशीत आणि दुसरी बुळबुळीत अशी लंगडी लय तयार होते. यावर वेग वाढवणे हा उपाय नव्हे. निम्म्या वेगात, दोन्ही बोटांचा आघात कानाला सारखा लागेपर्यंत बसणे हाच उपाय आहे.

दुसरी गोष्ट तारांची. हॅरिस फेंडर प्रिसिजन बासवर सपाट वेटोळ्याच्या, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागाच्या तारा लावतात. अशा तारा सहसा गोल, मऊ आवाजासाठी जॅझ किंवा जुन्या सोल संगीतातले वादक वापरतात. हॅरिस मात्र त्या ताज्या लावतात आणि बोटे इतक्या जोराने टाकतात की तार फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, आपटते. त्यातून जो टणटणीत, धातूसारखा खणखणाट उठतो, तो खर्जात राहत नाही. तो वर सरकतो आणि एरवी ऱ्हिदम गिटार, म्हणजे लयीची साथ धरणारी गिटार, जी जागा घेते ती जागा व्यापतो.

याचा परिणाम फार मोठा आहे. लय धरून ठेवण्याचे ओझे बासने उचलले की दोन्ही गिटार मोकळ्या होतात, आणि मोकळ्या झालेल्या त्या दोन गिटार एकच चाल दोन वेगवेगळ्या स्वरांवरून एकत्र वाजवू शकतात. एक वादक सा वर असेल तर दुसरा त्याच क्षणी ग वर, पहिला रे वर गेला की दुसरा म वर, अशी ती जोडी चालते. ही कल्पना आयर्न मेडनची नव्हे. विशबोन ॲश आणि थिन लिझी यांनी ती आधी वापरली होती आणि हॅरिस यांनी ते ऋण कधी लपवलेले नाही. पण त्या दोन बँडमध्ये हा अलंकार होता, तो इथे गाण्याचा कणा झाला. त्याखाली ई मायनर, सी, डी या तीन कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छांची) ये-जा त्यांच्या किती गाण्यांत आहे हे मोजायला बसलात तर थोडे हसूच येईल. त्याच तीन कॉर्डवर ‘हॅलोड बी दाय नेम’सारखे गाणे उभे राहते, हे पाहिल्यावर हसू मावळते.

आणि गायकावरची अट इथूनच येते. बासचा खणखणाट मध्य सप्तक व्यापतो, दोन गिटारची जोडचाल त्याच्या लगतची जागा घेते, मग गळ्यासाठी मोकळी जागा उरते ती वर, तार सप्तकात. मध्यम पट्टीतला चांगला आवाजही या गर्दीत बुडतो. भर म्हणून हॅरिस अनेकदा गाण्याची चाल बास किंवा गिटारच्या चालीवरच बेततात आणि तिच्यात शब्द ठासून भरतात, त्यामुळे श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. हा माझा निष्कर्ष आहे. पण मंचावर या बँडची गाणी वाजवणाऱ्या कोणत्याही हौशी गटाचे ध्वनिमिश्रण करून पाहा, गायकाची कळ कितीही वर ढकलली तरी तो मागेच राहतो.

डिॲनो यांच्याकडे ती उंची नव्हती, पण त्यांच्या आवाजात रस्त्यावरचा रांगडेपणा होता आणि पहिल्या दोन अल्बमांतली गाणी त्याला शोभणारी होती. एप्रिल 1980 मधला पहिला अल्बम ब्रिटनच्या तक्त्यात चौथ्या क्रमांकावर गेला, मात्र त्याच्या ध्वनिमुद्रणावर बँड नाराज होता आणि ऐकताना ती नाराजी पटते. 1981 च्या ‘किलर्स’साठी मार्टिन बर्च निर्माते म्हणून आले. डीप पर्पल, रेनबो आणि ब्लॅक सॅबथ यांच्यासोबत काम केलेला हा माणूस पुढची अकरा वर्षे या बँडचा कान झाला. त्याच अल्बमपासून गिटारवादक एड्रियन स्मिथ आले, आणि त्यांची व त्यांचे बालमित्र डेव्ह मरी यांची जोडी जमली. डिॲनो यांची प्रकृती आणि राहणी दौऱ्यांच्या ताणाला पुरी पडेना, तेव्हा 1981 मध्येच सॅमसन या बँडमधून ब्रूस डिकिन्सन यांना घेण्यात आले.

मार्च 1982 मध्ये आलेला ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. सॅमसनशी असलेल्या जुन्या कराराच्या अडचणीमुळे त्यावर डिकिन्सन यांचे गीतकार किंवा संगीतकार म्हणून नाव नाही. याच अल्बमच्या शीर्षकगीताची सुरुवात बर्च यांनी डिकिन्सन यांच्याकडून तासन्तास पुन्हा पुन्हा गाऊन घेतली. हळू आवाजातल्या त्या पहिल्या ओळी म्हणून म्हणून गायक वैतागला, आणि त्यांच्या पाठोपाठ येणारी लांबलचक किंकाळी त्या वैतागातून निघाली. ज्यांना निर्माता म्हणजे नेमके काय काम करतो हे विचारायचे असते, त्यांना मी हे उदाहरण देतो. अमेरिकेत काही धार्मिक गटांनी बँडला सैतानाचे उपासक ठरवून तबकड्या जाळल्या. त्याने विक्रीवर काय परिणाम व्हायचा तोच झाला.

1982 च्या शेवटी ड्रमवादक क्लाइव्ह बर यांच्या जागी निको मॅकब्रेन आले आणि बँडची अभिजात म्हणावी अशी पाच जणांची फळी पूर्ण झाली. बर यांच्या वाजवण्यात एक डौलदार झोका होता, तो मला अजूनही आठवतो. मॅकब्रेन यांचे वैशिष्ट्य त्यांच्या उजव्या पायात होते. पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमसाठी दोन पेडलचा सुळसुळाट झालेल्या मेटलच्या जगात त्यांनी एकाच पेडलवर काम भागवले. 1983 च्या ‘पीस ऑफ माइंड’चे पहिले गाणे ज्या ड्रमच्या फटकाऱ्याने सुरू होते, तो ऐकला म्हणजे हॅरिस यांना नवा जोडीदार का आवडला हे कळते.

‘पॉवरस्लेव्ह’ 1984 मध्ये आला आणि त्यामागोमाग जगभरचा दौरा निघाला. तो ऑगस्ट 1984 मध्ये पोलंडमध्ये सुरू झाला आणि जुलै 1985 पर्यंत चालला. सुमारे 190 कार्यक्रम झाले. त्या काळात पाश्चात्त्य बँड पोलादी पडद्यापलीकडे, म्हणजे पूर्व युरोपातल्या साम्यवादी देशांत, गेलाच तर तुटपुंज्या साहित्यानिशी जात असे. यांनी इजिप्शियन मंदिरासारखा आपला पूर्ण मंच पोलंड आणि हंगेरीत नेला. रेडिओवर आपली गाणी वाजणार नाहीत हे त्यांनी गृहीत धरले होते, म्हणून जाहिरातीचे काम दौऱ्यानेच करायचे होते. डेरेक रिग्ज यांनी रंगवलेला ‘एडी’ हा सांगाडा त्यात फार उपयोगी पडला. प्रत्येक अल्बमच्या मुखपृष्ठावर, सदऱ्यांवर आणि मंचावर तोच असल्याने वादकांपैकी कोणाचाही चेहरा बँडचा चेहरा ठरला नाही. गायक बदलण्याच्या संदर्भात या गोष्टीचा विचार फारसा होत नाही, तो व्हायला हवा. मार्च 1985 मध्ये कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे झालेल्या सलग चार रात्रींच्या कार्यक्रमांतून ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ या थेट मुद्रणाचा मोठा भाग घेतला गेला. घोडदौडीची लय शिकायची असेल तर मी तोच अल्बम देतो, कारण त्यात बास अगदी समोर ऐकू येतो.

या दौऱ्याने माणसे पिळून निघाली. 1986 च्या ‘समव्हेअर इन टाइम’वर डिकिन्सन यांचे एकही गाणे नाही, त्यांनी आणलेल्या साध्या, अकूस्टिक (विजेविना वाजणाऱ्या) गिटारच्या धाटणीच्या रचना बाकीच्यांना रुचल्या नाहीत. 1988 चा ‘सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन’ पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्याच ऑगस्टमध्ये डॉनिंग्टनच्या मैदानात एक लाखाहून अधिक लोकांपुढे बँड मुख्य आकर्षण म्हणून उभा राहिला. त्या दिवशी आधीच्या एका बँडच्या वेळी चेंगराचेंगरीत दोन तरुण दगावले होते.

नव्वदच्या दशकातल्या घसरणीबद्दल आपण विचारले आहे. तिचा दोष डिकिन्सन यांच्या जागी आलेले गायक ब्लेझ बेली यांच्या एकट्याच्या माथी मारला जातो, तो मला मान्य नाही. घटनांचा क्रम नीट पाहा. 1990 मध्ये एड्रियन स्मिथ बँड सोडून गेले. बँडमधली सर्वांत गुणगुणण्यासारखी गाणी ज्यांच्या हातून आली होती, ते हे गिटारवादक; त्यांच्या जागी आलेले यानिक गर्स उत्तम वादक आहेत, पण ते स्मिथ यांच्यासारखे लिहीत नाहीत. 1992 च्या ‘फियर ऑफ द डार्क’नंतर मार्टिन बर्च निवृत्त झाले. 1993 मध्ये डिकिन्सन गेले. तीन वर्षांत तीन आधार निघाले, आणि हॅरिस यांना ‘हे असे नको’ म्हणू शकणारे तीनही लोक एकदम खोलीतून गेले. त्यानंतरचे दोन अल्बम, 1995 चा ‘द एक्स फॅक्टर’ आणि 1998 चा ‘व्हर्च्युअल इलेव्हन’, हॅरिस यांच्या एसेक्समधील स्वतःच्या स्टुडिओत, त्यांच्याच सहनिर्मितीत झाले. पहिला ब्रिटनच्या तक्त्यात आठव्या क्रमांकापर्यंत गेला, दुसरा सोळाव्या. ‘व्हर्च्युअल इलेव्हन’मधल्या एका गाण्यात एकच ओळ इतक्या वेळा येते की बर्च असते तर त्यांनी तिसऱ्या फेरीलाच टेप थांबवली असती, असे मला नेहमी वाटते.

बेली यांचा गळा डिकिन्सन यांच्यापेक्षा स्पष्टपणे खालच्या पट्टीचा होता. नवी गाणी काही प्रमाणात त्या गळ्याला साजेशी होती, आणि ‘द एक्स फॅक्टर’चा काळोखा बाज तर त्याला शोभतोच. पण मंचावर निम्मी गाणी जुनी असत, आणि ती बँडने मूळ पट्टीतच वाजवत ठेवली. आपल्याकडच्या कुठल्याही भावगीतांच्या कार्यक्रमात गायक बदलला की पहिला प्रश्न असतो, ‘तुमची पट्टी कोणती?’ पेटीवाला त्याप्रमाणे सरकतो. इथे कोणी सरकले नाही. सलग दौऱ्यांत बेली यांचा आवाज बसत गेला, काही कार्यक्रम रद्द करावे लागले, आणि अमेरिकेत बँड मोठ्या सभागृहांतून क्लबांत आला. एका गायकाला दुसऱ्याच्या उंचीवर उभे करून तो पडला म्हणणे न्यायाचे नाही. आपल्या बँडसाठी या पन्नास वर्षांतला कामाचा मुद्दा हाच आहे: नवा गायक घेताना त्याला जुनी गाणी गाऊन दाखवायला सांगू नका, आधी त्याची पट्टी विचारा आणि गाणी तिथे उतरवा. गिटारवाल्यांना तारा उतरवायचा कंटाळा येतो, तो त्यांनी सोडावा.

1999 मध्ये डिकिन्सन आणि स्मिथ दोघेही परत आले. गर्स यांना काढले नाही, म्हणून गिटार तीन झाल्या. व्यवहाराच्या दृष्टीने हा निर्णय खर्चाचा होता आणि ध्वनीच्या दृष्टीने अडचणीचा, कारण तीन गिटार आणि तो बास एकत्र आले की मिश्रणात गाळ साठतो. 2000 च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’वर निर्माते केव्हिन शर्ली यांनी तो बराचसा आवरला आहे; पुढच्या काही अल्बमांवर तितकासा नाही. या काळातली गाणी लांबत गेली. 2015 च्या ‘द बुक ऑफ सोल्स’मधले शेवटचे गाणे, ब्रिटिश हवाईनौका ‘आर 101’च्या अपघातावरचे, अठरा मिनिटांचे आहे आणि ते डिकिन्सन यांनी पियानोवर रचले. ते लांबी पेलते. 2021 च्या ‘सेंजुत्सु’मधल्या काही गाण्यांच्या संथ प्रस्तावना मात्र मला सवयीने घातल्यासारख्या वाटतात. डिकिन्सन यांना 2015 च्या सुरुवातीला जिभेच्या कर्करोगाचे उपचार घ्यावे लागले. पुढच्याच वर्षी ते पुन्हा दौऱ्यावर होते आणि जंबो जेट विमानही स्वतः चालवत होते.

विमानाचा विषय निघाला म्हणून भारताचे सांगतो. बँड प्रथम मार्च 2007 मध्ये बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर आला. त्यानंतर 1 फेब्रुवारी 2008 रोजी मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर त्यांच्या जगभ्रमणाचा पहिलाच कार्यक्रम झाला. तोवर बरेच मोठे बँड भारत टाळत, कारण मंच आणि वाद्ये जहाजाने आणायची तर आठवडे जातात आणि मधल्या काळात दौरा ठप्प होतो. स्मॉलवूड आणि डिकिन्सन यांनी त्यावर तोडगा काढला. बोइंग 757 विमानाच्या मागच्या भागातल्या खुर्च्या काढून तिथे साहित्य ठेवले, पुढे वादक आणि कर्मचारी बसले, आणि वैमानिकांत खुद्द गायक. सुमारे 12 टन सामान असे मुंबईहून थेट ऑस्ट्रेलियातल्या पर्थला गेले आणि तिसऱ्या दिवशी तिथे कार्यक्रम झाला. मुंबईच्या त्या रात्री मी गर्दीत उजव्या बाजूला होतो. मंचापुढच्या ध्वनिक्षेपकावर डावा पाय ठेवून हॅरिस प्रत्येक गाण्याचा शब्द न् शब्द पुटपुटत होते, त्यांच्यासमोर मायक्रोफोन नसताना. माझ्या शेजारी कोल्हापूरहून आलेली चार मुले तेच करत होती.

सध्याची स्थिती अशी आहे. मॅकब्रेन यांना जानेवारी 2023 मध्ये पक्षाघाताचा झटका आला, त्यातून सावरून ते वाजवत राहिले, आणि डिसेंबर 2024 मध्ये ब्राझीलमधल्या साओ पाउलो येथील कार्यक्रमानंतर दौऱ्यांतून निवृत्त झाले. पॉल डिॲनो यांचे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निधन झाले. क्लाइव्ह बर 2013 मध्येच गेले होते. मे 2025 मध्ये बुडापेस्टहून निघालेल्या पन्नाशीच्या दौऱ्यात हॅरिस यांच्याच दुसऱ्या बँडमधले सायमन डॉसन ड्रमवर बसले. गाणी 1980 ते 1992 मधल्या नऊ अल्बमांतलीच निवडली गेली. त्या दौऱ्याचा लंडनमधला कार्यक्रम 28 जूनला वेस्ट हॅम फुटबॉल क्लबच्या मैदानावर झाला. हॅरिस यांनी लहानपणी त्या क्लबकडे चाचणी दिली होती आणि त्यांच्या बासवर आजही त्याचे बोधचिन्ह आहे.

आपल्या गटातला वाद ऐकून मिटवायचा असेल, तर एक तास काढून तीन जोड्या ऐका. ‘रॅथचाइल्ड’ आधी डिॲनो यांच्या आवाजात ‘किलर्स’वर, मग डिकिन्सन यांच्या आवाजात ‘लाइव्ह आफ्टर डेथ’वर. ‘साइन ऑफ द क्रॉस’ आधी बेली यांच्या आवाजात ‘द एक्स फॅक्टर’वर, मग जानेवारी 2001 मध्ये रिओत मुद्रित झालेल्या थेट अल्बमवर डिकिन्सन यांच्या आवाजात. आणि ‘द क्लॅन्समन’ 1998 मधले, मग त्याच रिओच्या अल्बमवरचे. पहिल्या फेरीत फक्त गायक ऐका. दुसऱ्या फेरीत फक्त बास ऐका, आणि कोणत्या ठिकाणी गायकाला त्याच्या वर जावेच लागते ते कागदावर टिपत जा. दुसऱ्या आणि तिसऱ्या जोडीत आपल्याला दिसेल की बेली यांच्यासाठी लिहिलेली ही दोन गाणी डिकिन्सन यांनीही उत्तम गायली आहेत. उलट दिशेने ते का जमले नाही, हे टिपलेल्या कागदावरून आपल्या गटातल्या दोन्ही बाजूंना कळेल.